इराकी दिनार घेऊन ठेवावा का? पुनर्मूल्यनाच्या आशेचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे : काही दलाल इराकी दिनारच्या नोटा विकतात. सांगतात की एके काळी एका दिनारला ३.२२ डॉलर मिळत, इराककडे अफाट तेल आहे, आणि एका रात्रीत 'आरव्ही', म्हणजे पुनर्मूल्यन, होऊन दर पुन्हा तिथे जाईल. मग आज हजारभर डॉलरला घेतलेले दहा लाख दिनार बत्तीस लाख डॉलरचे होतील. यात तथ्य किती? आणि ज्यांनी नोटा आधीच घेतल्या आहेत त्यांनी काय करावं?

३.२२ ला तथ्य शून्य. दर थोडाफार सुधारेल का, हा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि त्याला खरं उत्तर आहे. तिथेही नोटा घेऊन घरात ठेवणारा माणूस बहुतेक वेळा तोट्यातच राहतो. का, ते आकड्यांतूनच बघू.

आधी एक गुणाकार करा. इराकच्या मध्यवर्ती बँकेने बाजारात सोडलेल्या नोटा ढोबळमानाने १०० लाख कोटी दिनारच्या आहेत. खात्यांतल्या ठेवी धरल्या तर आकडा बराच वाढतो, पण आपण नोटांपुरतंच बोलू. डॉलरला १,३१० दिनार या अधिकृत दराने त्यांची किंमत सुमारे ७,६०० कोटी डॉलर होते. बँकेची परकीय चलनाची गंगाजळी अलीकडच्या वर्षांत १०,००० कोटी डॉलरच्या आसपास राहिली आहे. म्हणजे आजच्या दराने प्रत्येक नोटेमागे पुरेसे डॉलर आहेत. म्हणून तर हा दर टिकतो.

आता दर ३.२२ डॉलर धरा. त्याच नोटांची किंमत ३२२ लाख कोटी डॉलर होईल. सगळ्या जगाचं एका वर्षाचं उत्पन्न १०५ ते ११० लाख कोटी डॉलरच्या घरात आहे. म्हणजे पृथ्वीवरची तीन वर्षांची कमाई इराकच्या नोटांसाठी मोजावी लागेल, आणि देणाऱ्याच्या तिजोरीत आहेत ०.१ लाख कोटी.

यावर दलालाचं ठरलेलं उत्तर असतं : 'बरं, ३.२२ नको, एक सेंट तरी होईल की नाही?' एक सेंट म्हणजे आजच्या तेरापट. नोटांची किंमत १ लाख कोटी डॉलर, गंगाजळीच्या दहापट. इराकच्या संपूर्ण वार्षिक उत्पन्नाच्याही ती कितीतरी पट आहे. 'फक्त एक सेंट' ऐकायला नम्र वाटतं, पण तेही तितकंच अशक्य आहे.

'जमिनीखाली तेल आहे ना' या युक्तिवादात खरी गफलत आहे. तेलाचा साठा चलनाला आधार देत नाही. तेल विकून आलेले डॉलर देतात. ते डॉलर कसे फिरतात हे समजलं की इराक सरकारला महाग दिनार का नको असतो, हेही समजतं. सरकारचं नव्वद टक्क्यांच्या आसपास उत्पन्न तेलाचं. तेलाचे पैसे न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या खात्यात डॉलरमध्ये जमा होतात. अर्थ मंत्रालय ते डॉलर बगदादच्या मध्यवर्ती बँकेला विकतं, बदल्यात दिनार घेतं, आणि त्या दिनारांतून पगार, पेन्शन, रेशनचा खर्च भागवतं. मध्यवर्ती बँक तेच डॉलर पुढे आयातदारांना विकून बाजारातले दिनार परत गोळा करते.

२०२३ च्या अर्थसंकल्पाचे आकडे घ्या. रोज ३५ लाख पिंपं निर्यात, पिंपाला ७० डॉलर भाव. वर्षाचे होतात सुमारे ८,९४० कोटी डॉलर. दर १,३०० असेल तर मंत्रालयाच्या हातात ११६ लाख कोटी दिनार येतात. खर्च होता १९९ लाख कोटी दिनार, म्हणजे तेव्हाही तूट होतीच. आता दिनार ३.२२ डॉलरचा करा. तेवढ्याच तेलाचे हातात येतील २,७८० कोटी दिनार. एका लाख कोटीचा छत्तिसावा हिस्सा! त्यातून लाखो सरकारी कर्मचाऱ्यांचा एका दिवसाचा पगारही निघणार नाही. तेल विकून जगणाऱ्या देशाला चलन महाग केलं की तिजोरीत दिनार कमी येतात, आणि स्वस्त केलं की जास्त येतात. डिसेंबर २०२० मध्ये नेमकं हेच घडलं. तेलाचे भाव कोसळले होते, पगार थकत होते, तेव्हा सरकारने दर १,१८२ वरून १,४५० वर नेला. ज्या दिवशी दलालांचे ग्राहक श्रीमंत होण्याची वाट बघत होते, त्या दिवशी त्यांच्या नोटांची डॉलरमधली किंमत साडेअठरा टक्क्यांनी घटली.

फेब्रुवारी २०२३ मध्ये उलट झालं. दर १,४५० वरून १,३०० वर आणला, बँकांना १,३१० आणि लोकांना १,३२०. हे खरंखुरं पुनर्मूल्यन होतं, साडेअकरा टक्क्यांचं. दलालांनी त्याचा गाजावाजाही भरपूर केला. पण नोटा धरून बसलेल्याला त्यातलं किती मिळालं? जवळपास काही नाही. १,३१०-१,३२० चा दर अधिकृत व्यवहारातच मिळतो. तो कागदपत्रांसह आयात करणाऱ्या व्यापाऱ्यासाठी आणि परदेशी जाणाऱ्या प्रवाशासाठी आहे. बगदादच्या खुल्या बाजारात त्या काळात डॉलरला १,५०० च्या आसपास आणि त्याहूनही जास्त दिनार पडत होते, कारण नोव्हेंबर २०२२ पासून न्यूयॉर्कहून डॉलर पाठवण्याची तपासणी कडक झाली होती. तुमच्या कपाटातली नोट ज्या भावाने खपते तो खुल्या बाजाराचा भाव, आणि त्यातूनही दलालाचं कमिशन वजा.

कोणत्याही चलनाच्या पुनर्मूल्यनावर पैसे लावण्याआधी सगळ्यात आधी हेच तपासायचं असतं : खुल्या बाजारातला भाव अधिकृत भावाच्या कोणत्या बाजूला आहे? चलन दाबून स्वस्त ठेवलेलं असेल तर बाजार त्याला अधिकृत दरापेक्षा जास्त किंमत देतो, परकीय पैसा देशात घुसतो, आणि दर धरून ठेवण्यासाठी मध्यवर्ती बँकेला स्वतःचं चलन छापून डॉलर विकत घ्यावे लागतात. गंगाजळी फुगत जाते. १९६९ मध्ये पश्चिम जर्मनीत हेच झालं. मार्क वधारेल या अपेक्षेने डॉलरचा लोंढा आला, सप्टेंबरअखेर मार्क मोकळा सोडावा लागला आणि ऑक्टोबरमध्ये डॉलरला ४.०० वरून ३.६६ असा नवा दर ठरला. चीनने २१ जुलै २००५ ला युआन ८.२८ वरून ८.११ केला, त्याआधी त्याची गंगाजळी वर्षानुवर्षं चढतच होती. इराकमध्ये चित्र उलटं आहे. तिथे खुला बाजार दिनारला अधिकृत दरापेक्षा कमी मोलाचा समजतो, आणि मध्यवर्ती बँक डॉलर विकून दर सांभाळते. अधिकृत दर आजच जरा महाग आहे. अशा चलनावर पुढचा धक्का अवमूल्यनाचा बसण्याची शक्यता जास्त असते.

वरच्या उदाहरणांत आणखी एक गोष्ट दिसते. खऱ्या पुनर्मूल्यनाचं माप केवढं? मार्क १९६१ मध्ये ५ टक्के, १९६९ मध्ये ९.२९ टक्के. युआन पहिल्या दिवशी २.१ टक्के. स्विस मध्यवर्ती बँकेने १५ जानेवारी २०१५ ला युरोला १.२० फ्रँकचा तळ, म्हणजे युरो त्याखाली उतरू न देण्याचं धोरण, सोडला, तेव्हा दिवसअखेर युरो साधारण एका फ्रँकवर आला. एवढ्यानेच जगभरच्या दलाली पेढ्या हादरल्या आणि काही बुडाल्या. हजारपट सोडा, एका दिवसात दुप्पटही कोणी झालं नाही. आणि तिथे कमावणारे लोक कागदी नोटा घेऊन बसले नव्हते. वायदे, ऑप्शन किंवा त्या चलनातले व्याज देणारे रोखे त्यांच्याकडे होते, आणि खरेदी-विक्रीच्या भावातला फरक टक्क्याच्या किरकोळ अंशात होता.

तरीही सगळे कमावत नाहीत. चेक मध्यवर्ती बँकेने ६ एप्रिल २०१७ ला युरोला २७ कोरुनाचा तळ काढला. सगळ्यांना महिनोन्महिने ठाऊक होतं की तो निघणार, म्हणून सगळ्यांनी आधीच कोरुना घेऊन ठेवला होता. तळ निघाला आणि भाव फारसा हललाच नाही, कारण नवा घेणारा उरला नव्हता. डेन्मार्कच्या क्रोनवरही तो वधारेल या आशेने २०१५ च्या सुरुवातीला सट्टेबाजांचा असाच मारा झाला. तिथल्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर उणे ०.७५ टक्क्यांवर नेला आणि क्रोन जागचा हलू दिला नाही. अंदाज बरोबर असूनही पैसे जातात, ते असे.

आता नोटांच्या व्यवहारातला भावफरक बघा, कारण बहुतेकांचं नुकसान इथेच होतं. समजा, दहा लाख दिनार आहेत. १,३१० च्या दराने त्यांची किंमत ७६३ डॉलर. दलाल ते ९५० ला विकतो आणि ६५० ला परत घेतो. हे आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमच्या दलालाचे टाकून बघा. घेतल्या क्षणी तुम्ही ३०० डॉलरने, म्हणजे जवळजवळ ३२ टक्क्यांनी, खाली आहात. दलाल अधिकृत किमतीच्या ८५ टक्के देतो. मग तुमचे ९५० परत यायला अधिकृत किंमत १,११५ डॉलर व्हायला हवी, म्हणजे दर डॉलरला सुमारे ८९७ दिनार. आजच्यापेक्षा दिनार ४६ टक्के वधारला पाहिजे, तेही फक्त मुद्दल निघायला. २००३ नंतर हा दर कधी १,१६० च्या खाली टिकलेला नाही.

शिवाय नोटेला व्याज नाही. तेच ९५० डॉलर वर्षाला ४ टक्क्यांनी दहा वर्षं ठेवले तर १,४०६ होतात. २००४ मध्ये डॉलरला साधारण १,४६० दराने घेतलेला दिनार वीस वर्षांनी १,३१० वर आहे, म्हणजे दोन दशकांत ११ टक्के वाढ. त्याच काळात अमेरिकेतली महागाई साठ टक्क्यांहून जास्त वाढली.

मग ३.२२ हा आकडा आला कुठून? १९८० च्या दशकात अधिकृत दर खरोखरच ३.२ डॉलरच्या आसपास होता. तो सरकारने कागदावर धरलेला दर होता आणि चलनातल्या नोटा आजच्या मानाने नगण्य होत्या. १९९० मध्ये कुवेतवर आक्रमण झालं, निर्बंध आले, आणि सद्दाम सरकारने खर्च भागवायला हलक्या कागदावर नोटा छापायला सुरुवात केली. दर डॉलरला हजारांच्या घरात गेला. जुन्या चांगल्या नोटा, ज्यांना लोक 'स्विस दिनार' म्हणत, उत्तरेच्या कुर्दी भागात चालत राहिल्या. १५ ऑक्टोबर २००३ ते १५ जानेवारी २००४ या तीन महिन्यांत सगळं बदलून आजच्या नोटा आल्या : सद्दामच्या एका दिनारला एक नवा, स्विस दिनारला १५० नवे. म्हणजे ज्या नोटेवर कधी काळी ३.२२ चा दर लागू होता, तिच्या धारकाला त्या वेळी दहा सेंटच्या आसपास मिळाले. आज विकल्या जाणाऱ्या २५,००० च्या नोटेचा त्या दराशी कधीच संबंध नव्हता.

कुवेतचं उदाहरण हमखास दिलं जातं. 'युद्धानंतर कुवेती दिनार घेणारे श्रीमंत झाले.' कुवेती दिनार युद्धाआधीच तीन डॉलरहून मोठा होता. इराकने आक्रमणानंतर तो चलनातून काढला, मुक्ततेनंतर मार्च १९९१ मध्ये सरकारने नव्या नोटा आणल्या आणि दर पूर्वीच्या जवळ राहिला. छोट्या लोकसंख्येचा, थोड्या नोटांचा, परदेशात प्रचंड गुंतवणूक असलेला देश आपल्या जागी परत आला, एवढंच. आणि इराकी सैन्याने लुटलेल्या नोटा क्रमांकानुसार रद्द झाल्या, त्यामुळे पडेल भावात नोटा गोळा करणाऱ्यांपैकी कित्येकांच्या हातात कागद राहिला. हा भाग दलाल सांगत नाहीत. जर्मनीच्या १९४८ च्या चलनबदलाचं उदाहरणही असंच उलटं आहे : बचतीच्या शंभर जुन्या राइशमार्कला शेवटी साडेसहा नवे मार्क मिळाले.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो शून्यं काढण्यावरून. इराकमध्ये नोटांवरची तीन शून्यं उडवण्याची चर्चा अनेक वर्षं चालू आहे. समजा, उद्या ते झालं. जुन्या १,००० दिनारला नवा १ दिनार मिळेल, आणि नव्या दिनारचा दर ०.७६ डॉलर छापून येईल. दलाल ओरडेल, 'दिनार ७६ सेंटला पोचला!' पण तुमच्या २५,००० च्या नोटेचे २५ नवे दिनार होतील, म्हणजे तेच १९ डॉलर. पगार, भाडं, कर्ज, सगळ्यातली तीन शून्यं एकदम जातात. तुर्कस्तानने १ जानेवारी २००५ ला सहा शून्यं काढली, दहा लाख जुन्या लिरांची एक नवी लिरा झाली, कोणी श्रीमंत झालं नाही. बातमी आली की त्यात जुन्या नोटा बदलून देण्याचं प्रमाण दिलं आहे का ते बघा. दिलं असेल तर ते पुनर्मूल्यन नाही.

उलट इराकबाहेर नोटा धरणाऱ्यासाठी शून्यं काढणं हा मोठा धोका आहे. जुन्या नोटा बदलण्याची मुदत असते आणि बदलण्याच्या जागा देशात असतात. २००३ मध्ये मुदत तीन महिन्यांची होती. मुदत चुकली की नोट संग्राहकाच्या कामाची. झिम्बाब्वेचे डॉलर घेऊन ठेवणाऱ्यांनी हे बघितलं आहे : २०१५ मध्ये जुनं चलन रद्द करताना १०० लाख कोटींच्या नोटेला ४० अमेरिकी सेंट ठरले.

वावड्या कशा उठतात, तेही ओळखता येतं. जून २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सनदेच्या सातव्या प्रकरणाखालच्या कुवेतसंबंधीच्या बंधनांतून इराकला सोडवलं. 'आता होणारच' अशी आवई उठली. दर १,१६६ वर जिथल्या तिथे. कुवेतची ५,२४० कोटी डॉलरची नुकसानभरपाई २०२२ च्या सुरुवातीला फिटल्याचं जाहीर झालं, पुन्हा तीच आवई. दर तेव्हा १,४५०. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कलम आठची गोष्टही अशीच : ते कलम चालू व्यवहारांच्या देण्याघेण्यावर निर्बंध घालू नका म्हणतं, दर किती असावा याबद्दल एक शब्द बोलत नाही. बातमी खरी असते, तिला जोडलेला निष्कर्ष खोटा असतो.

दलाल 'आमची अमेरिकी ट्रेझरीकडे (अर्थ खात्याकडे) नोंदणी आहे' असं सांगतो, तेव्हा ती पैसे बदलणाऱ्या धंद्याची साधी नोंदणी असते. त्यावरून सरकारने योजना तपासली किंवा मान्य केली असं ठरत नाही. अटलांटाच्या स्टर्लिंग करन्सी ग्रुपने दिनार आणि इतर चलनं विकून साठ कोटी डॉलरहून जास्त उलाढाल केली. विमानतळांवर दिनार बदलायची केंद्रं उघडणार असल्याचं खोटं सांगितलं आणि इंटरनेटवर हवा करायला माणसाला पैसे दिले. २०१८ मध्ये तिच्या चालकांना न्यायालयाने फसवणुकीबद्दल दोषी ठरवलं. आजही 'दहा टक्के भरा, उरलेले पुनर्मूल्यनानंतर' अशी आरक्षणं विकली जातात. हप्ता चुकला की भरलेले पैसे जप्त. 'बदलून घेण्याची वेळ राखून ठेवतो, ओळखपत्र आणि खात्याचा तपशील द्या, गुप्ततेच्या करारावर सही करा' असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. कोणतीही मध्यवर्ती बँक नोटा बदलून देताना असा करार मागत नाही.

इराकच्या भवितव्यावर खरंच विश्वास असेल तर निदान काहीतरी उत्पन्न देणारी वस्तू घ्या. इराक सरकारचे डॉलरमधले रोखे आंतरराष्ट्रीय बाजारात आहेत, ते व्याज देतात. जून २००४ पासून चालू असलेल्या बगदादच्या शेअर बाजारातल्या बँका आणि कंपन्या लाभांश देतात. जोखीम दोन्हीकडे मोठी आहे, शेअरमध्ये दिनार घसरण्याचीही. पण वाट बघण्याचं काही मोल मिळतं.

ज्यांच्याकडे नोटा आहेत त्यांनी आज त्यांची विक्री किंमत काढावी, खरेदी किंमत विसरून. निदान तीन ठिकाणी परत घेण्याचा भाव लेखी मागा. बहुतेक बँका दिनार घेतच नाहीत, त्यामुळे चलन बदलणारे परवानाधारकच उरतात. २५,००० च्या नोटा सुट्या छोट्या नोटांपेक्षा सहज खपतात. विकण्याआधी नोट उजेडात धरून कोऱ्या भागात घोड्याच्या डोक्याचं जलचिन्ह आणि सुरक्षाधागा दिसतो का बघा. बनावट निघाली तर घेणारा ती जप्त करू शकतो. 'कोऱ्या करकरीत' म्हणून जादा पैसे देऊन घेतल्या असतील तर ते जादा पैसे परत मिळणार नाहीत, हे धरूनच चला. खरेदीच्या पावत्या जपून ठेवा. तोटा हिशेबात दाखवायला आणि नोटांचा स्रोत सांगायला त्या लागतात. सगळं एकदम विकवत नसेल तर निम्मं विका, आणि उरलेल्या नोटांसाठी इराकच्या मध्यवर्ती बँकेच्या संकेतस्थळावर नोटबदलीची मुदत जाहीर होते का, तेवढं महिन्यातून एकदा बघत राहा.